संगणकातील दुसरी हार्ड डिस्क : जोडणी, ओळख आणि दक्षता

ग्रामपंचायतीचे कार्यालय असो, माध्यमिक शाळेची कचेरी असो वा गावातील वाचनालय असो, आज दप्तराचा मोठा भाग संगणकात साठविला जातो. घरपट्टीच्या याद्या, ग्रामसभेची इतिवृत्ते, विद्यार्थ्यांचे जनरल रजिस्टर, कामांचे आराखडे आणि छायाचित्रे यांचा साठा वर्षानुवर्षे वाढत जातो व संगणकातील जागा अपुरी पडू लागते. अशा वेळी संपूर्ण संगणक बदलण्याऐवजी त्यातच दुसरी हार्ड डिस्क बसविणे हा कमी खर्चाचा व सोयीचा मार्ग होय. बंद पडलेल्या संगणकातील डिस्क काढून, तीवरील जुन्या नोंदी वाचण्यासाठी ती चालू संगणकास जोडण्याचे प्रसंगही वारंवार येतात.

तथापि अनेक ठिकाणी येणारा अनुभव असा की, डिस्क बसवून, स्क्रू आवळून संगणक सुरू केला तरी पडद्यावर पूर्वीचाच एकमेव सी ड्राइव्ह दिसतो. नव्या डिस्कचा मागमूसही नसतो. मग डिस्क सदोष असल्याचा निष्कर्ष काढून ती विक्रेत्याकडे परत पाठविली जाते. किंवा याहून वाईट म्हणजे, पडद्यावर येणाऱ्या प्रत्येक प्रश्नास होकार देत गेल्याने जुन्या डिस्कवरील वर्षानुवर्षांच्या नोंदी पुसल्या जातात. संगणक डिस्क कशी ओळखतो हे समजून घेतल्यास या दोन्ही गोष्टी टाळता येण्याजोग्या आहेत.

ओळखण्याच्या चार पायऱ्या

बाजारातून आणलेला कोऱ्या कागदांचा गठ्ठा म्हणजे नोंदवही नव्हे. प्रथम तो कार्यालयात पोचला पाहिजे. आवक लिपिकाने त्याची नोंद घेतली पाहिजे. त्यावर रकाने आखून अनुक्रमणिकेची पाने सोडली पाहिजेत. आणि शेवटी वहीवर क्रमांक घालून ती कपाटात लावली पाहिजे. यांपैकी एखादे काम राहिले, तर वही कार्यालयात असूनही लिपिकाच्या हाती येत नाही.

डिस्कचेही असेच आहे. पहिली पायरी विद्युत्‌पुरवठा व जोडणीची. दुसरी, संगणक सुरू होताच जागी होणाऱ्या मूळ आज्ञावलीने, म्हणजे बायॉसने किंवा तिच्या नव्या रूपाने, यूईएफआयने, डिस्कची नोंद घेण्याची. तिसरी, विंडोज अथवा लिनक्स या कार्यप्रणालीला डिस्क दिसण्याची. चौथी, डिस्कचे विभाग पाडून, ते फॉरमॅट करून, त्यांना अक्षर देण्याची. नेहमीच्या खिडकीत जे दिसते ते चौथी पायरी पूर्ण झाल्यानंतरच. कारखान्यातून कोरी आलेली अंतर्गत डिस्क त्या खिडकीत दिसत नाही हा तिचा दोष नसून, तिची चौथी पायरी अद्याप व्हावयाची असते एवढाच त्याचा अर्थ. म्हणून अडचण आली असता ती कोणत्या पायरीवर आहे हे क्रमाने शोधावे. मधली पायरी सोडून पुढे जाऊ नये.

प्रारंभीचा प्रश्न : डिस्क कोरी की वापरलेली?

हाती स्क्रू-ड्रायव्हर घेण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर निश्चित करावे. डिस्क कोरी असेल तर पुढील सर्व कृती निःशंकपणे करता येतात. ती वापरलेली असून तीवरील मजकूर हवा असेल, तर 'इनिशियलाइज' आणि 'फॉरमॅट' हे दोन शब्द पडद्यावर दिसताच थांबावयाचे, हा नियम आधीच ठरवून टाकावा. शक्य असल्यास डिस्कवर कागदाची चिठ्ठी चिकटवून तीवर 'मजकूर आहे, पुसू नये' असे ठळक लिहावे. एकाच खोक्यात दोन सारख्या दिसणाऱ्या डिस्क असता स्मरणशक्तीवर विसंबणे धोक्याचे असते.

पहिली पायरी : जोडणी

संगणक नेहमीच्या पद्धतीने बंद करून भिंतीवरील बटण बंद करावे व वायर काढून घ्यावी. पेटीच्या उघड्या धातूस हात लावून अंगावरील स्थिर विद्युत् घालवावी. डिस्कच्या खालच्या बाजूच्या हिरव्या पट्टीस बोटे लावू नयेत. कडा धरूनच ती हाताळावी.

२००३ साली आलेले साटा हे मानक आज अंतर्गत हार्ड डिस्कसाठी सर्वत्र रूढ आहे. तीत दोन स्वतंत्र जोडण्या असतात : सात पिनांची अरुंद जोडणी माहितीसाठी व पंधरा पिनांची रुंद जोडणी विजेसाठी. केवळ एकच जोडल्याने डिस्क न दिसल्याची उदाहरणे थोडी नाहीत. दोन्ही टोके पक्की बसली आहेत ना, हे हाताने तपासावे. शंका असल्यास माहितीची वायर बदलून पाहावी आणि मदरबोर्डवरील दुसऱ्या खोबणीतही ती लावून पाहावी. डिस्कपेक्षा वायर सदोष असणे अधिक संभवनीय असते. ज्या वीजपुरवठ्याच्या वायरी सुट्या करता येतात, त्याला दुसऱ्या बनावटीच्या पुरवठ्याची वायर कदापि लावू नये. टोके सारखी दिसली तरी आतील पिनांचा क्रम भिन्न असू शकतो आणि त्यामुळे डिस्क जळून जाते.

जुन्या संगणकांत चाळीस पिनांच्या रुंद पट्टीची आयडीई पद्धत आढळते. तीत एका पट्टीवर दोन डिस्क बसतात व मागील बाजूच्या लहान जंपरने एकीस 'मास्टर' व दुसरीस 'स्लेव्ह' ठरवावे लागते. दोघींचेही जंपर 'मास्टर'वर असतील, तर त्यांतील एक किंवा दोन्ही डिस्क दिसेनाशा होतात. साटा पद्धतीत प्रत्येक डिस्कला स्वतंत्र वायर असल्याने हा प्रश्न उरलेला नाही.

एम.टू नावाच्या चपट्या, पट्टीसारख्या एसएसडीबाबत दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. एक म्हणजे, सारख्या दिसणाऱ्या या पट्ट्या साटा आणि एनव्हीएमई अशा दोन जातींच्या असतात व प्रत्येक खोबण दोन्ही जाती स्वीकारतेच असे नाही. दुसरी म्हणजे, अनेक मदरबोर्डांवर एम.टू खोबण वापरात आली की एखादी साटा खोबण आपोआप बंद पडते. अशा वेळी डिस्क निर्दोष असूनही दिसत नाही. मदरबोर्डची माहितीपुस्तिका पाहून वायर दुसऱ्या खोबणीत हलविली की काम होते.

जोडणी झाल्यावर संगणक सुरू करून फिरत्या डिस्कची मंद घरघर व कंप जाणवतो का, हे पाहावे. एसएसडीत फिरणारा भाग नसल्याने ती निःशब्द असते. काही मोठ्या क्षमतेच्या नव्या डिस्क जुन्या वीजपुरवठ्यावर फिरतच नाहीत. साटाच्या ३.३ या आवृत्तीत वीजजोडणीच्या तिसऱ्या पिनेवरून डिस्क बंद करण्याची सोय झाली. जुना पुरवठा त्याच पिनेवर ३.३ व्होल्ट देत राहतो आणि डिस्क ते बंद राहण्याची आज्ञा समजते. जाणकार तंत्रज्ञ योग्य जोड वापरून ही अडचण दूर करू शकतो. मात्र डिस्कमधून ठराविक अंतराने 'टक्-टक्' असा आवाज येत असेल तर तत्काळ वीज बंद करावी. ते आतील यांत्रिक बिघाडाचे लक्षण असून, पुनःपुन्हा सुरू केल्याने उरलासुरला मजकूरही नष्ट होण्याचा संभव असतो.

दुसरी पायरी : बायॉसमधील नोंद

संगणक सुरू होताच एफ-२, डिलीट, एफ-१० यांपैकी त्या बनावटीसाठी नेमलेली कळ दाबल्यास बायॉसचा पडदा उघडतो. तेथील साठवणसाधनांच्या यादीत नव्या डिस्कचा नमुना-क्रमांक व क्षमता दिसते का, हे पाहणे ही निदानातील सर्वांत महत्त्वाची कसोटी होय. कारण येथे डिस्क दिसत नसेल, तर विंडोजमध्ये कितीही खटपट केली तरी ती व्यर्थ जाते. दोष जोडणीत, विजेत, खोबणीत वा प्रत्यक्ष डिस्कमध्ये असतो. उलट, येथे ती दिसत असेल तर जोडणी योग्य आहे असे समजून पुढील पायरीकडे वळावे.

ज्या खोबणीत वायर लावली आहे ती बायॉसमध्ये बंद ठेवलेली नाही ना, हेही येथेच पाहता येते. परंतु साटा नियंत्रकाची पद्धत, म्हणजे एएचसीआय किंवा रेड, ही केवळ प्रयोग म्हणून बदलू नये. तसे केल्यास पूर्वी सुरळीत चालणारे विंडोजच सुरू न होण्याची शक्यता असते. वापरलेल्या डिस्कवर जुने विंडोज असल्यास संगणक कधी कधी तीवरूनच सुरू होऊ पाहतो. अशा वेळी प्रारंभाच्या क्रमात मूळ डिस्क पुन्हा पहिली ठेवावी.

तिसरी पायरी : कार्यप्रणालीस दर्शन

विंडोज १० व ११ मध्ये विंडोज चिन्हाची कळ आणि एक्स ही कळ एकत्र दाबल्यास एक यादी उघडते. तीतील 'डिस्क मॅनेजमेंट' हा विभाग निवडावा. येथे प्रत्येक डिस्क एका आडव्या पट्टीच्या रूपाने दिसते. पहिलीस 'डिस्क ०' व दुसरीस बहुधा 'डिस्क १' असे नाव असते. क्रमांक कधी कधी उलटेही येतात, म्हणून क्षमतेवरून व त्यावरील विभागांवरून डिस्क ओळखावी, केवळ क्रमांकावर भिस्त ठेवू नये.

नव्या डिस्कच्या पट्टीजवळ पुढीलपैकी एखादी अवस्था लिहिलेली आढळेल. 'नॉट इनिशियलाइज्ड' म्हणजे डिस्कवर विभागांचा तक्ताच नाही किंवा तो विंडोजला वाचता येत नाही. 'अनअलोकेटेड' म्हणजे त्या जागेत विभाग पाडलेला नाही. 'ऑफलाइन' म्हणजे विंडोजने डिस्क पाहिली परंतु वापरात घेतलेली नाही. तेथे उजवी कळ दाबून 'ऑनलाइन' निवडता येते. एखादी डिस्क दुसरीची तंतोतंत प्रत असेल, तर दोघींची अंतर्गत ओळखखूण एकच असल्यामुळे विंडोज त्यांतील एकीस ऑफलाइन ठेवते. आणि विभाग निरोगी असूनही केवळ अक्षर नसेल, तर तो नेहमीच्या खिडकीत उमटत नाही.

चौथी पायरी : कोऱ्या डिस्कची सिद्धता

कोऱ्या डिस्कच्या नावावर उजवी कळ दाबून 'इनिशियलाइज डिस्क' निवडल्यास एमबीआर आणि जीपीटी असे दोन पर्याय पुढे येतात. एमबीआर ही जुनी पद्धत असून तीत चारच मुख्य विभाग पाडता येतात, आणि नेहमीच्या ५१२ बाइटांच्या मापाने तिची मजल सुमारे २.२ लक्ष कोटी बाइटांवर, म्हणजे विंडोजच्या हिशेबाने २ टेराबाइटांवर, संपते. चार टेराबाइटांची डिस्क या पद्धतीने मांडली तर तिचा निम्म्याच्या आसपास भाग वापराबाहेर राहतो. जीपीटी पद्धतीत ही मर्यादा नाही आणि विंडोज तीत १२८ विभागांपर्यंत मुभा देते. यास्तव आजच्या संगणकात नवी डिस्क मांडताना जीपीटी निवडावी. अतिशय जुन्या संगणकासाठीच एमबीआरचा विचार करावा.

त्यानंतर 'अनअलोकेटेड' लिहिलेल्या काळ्या पट्टीवर उजवी कळ दाबून 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' निवडावे. विझार्ड क्रमाने चार गोष्टी विचारतो : विभागाचा आकार, त्याचे अक्षर, फाइलपद्धती व नाव. संपूर्ण डिस्कचा एकच विभाग करणे सामान्य कार्यालयास पुरेसे असते. अक्षर डी, ई किंवा पुढील कोणतेही चालते. ए व बी ही अक्षरे एकेकाळी फ्लॉपीसाठी राखीव असल्यामुळे मुख्य डिस्कची गणना सी पासून सुरू झाली, ती प्रथा आजही टिकून आहे. संगणकाच्या आत कायम राहणाऱ्या डिस्कसाठी एनटीएफएस ही फाइलपद्धती घ्यावी. एफएटी३२ पद्धतीत एक फाइल चार गीगाबाइटांपेक्षा मोठी ठेवता येत नाही, त्यामुळे दीर्घ चित्रफितींच्या वेळी अडचण येते. नाव 'नवीन' किंवा 'डेटा' असे मोघम न ठेवता त्यावरून उपयोग कळेल असे ठेवावे.

येथे आणखी एक शंका नेहमी उपस्थित होते. खोक्यावर एक टेराबाइट लिहिलेली डिस्क विंडोजमध्ये ९३१ गीगाबाइट दाखविते. यात फसवणूक नाही. उत्पादक एक टेराबाइट म्हणजे एक लक्ष कोटी बाइट धरतो, तर विंडोज एका गीगाबाइटात १,०७,३७,४१,८२४ बाइट मोजते. मापाची एकके भिन्न असल्याने अंक बदलतो. जागा तेवढीच असते.

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांतही तत्त्व हेच आहे. तेथे डिस्कना अक्षरे नसतात. विभाग एखाद्या फोल्डरशी जोडला जातो व या जोडणीस 'माउंट' करणे म्हणतात. बहुतेक वितरणांत मिळणाऱ्या 'डिस्क्स' या साधनातून विभाग पाडणे, फॉरमॅट करणे व संगणक सुरू होताच तो आपोआप जोडला जाईल अशी व्यवस्था करणे, ही कामे करता येतात.

वापरलेली डिस्क : जेथे थांबावयाचे

जुन्या डिस्कच्या बाबतीत पडद्यावरील दोन संदेश विशेष फसवे आहेत. पहिला असतो डिस्क इनिशियलाइज करण्याविषयीचा. दुसरा, वापरण्यापूर्वी डिस्क फॉरमॅट करावी लागेल असे सुचविणारा. दोन्ही संदेश सौम्य व साहाय्यकारी वाटतात. प्रत्यक्षात त्यांचा अर्थ एवढाच की, डिस्कवर जे आहे ते विंडोजला वाचता आलेले नाही. ती रिकामी आहे असे त्यातून सिद्ध होत नाही.

न वाचता येण्याची कारणे अनेक असतात. डिस्क लिनक्सवर अथवा कॅमेऱ्यांच्या मुद्रणयंत्रात वापरलेली असेल, तर तिची फाइलपद्धती विंडोजला परकी असते. ती एखाद्या बाह्य पेटीतून काढलेली असेल, तर काही पेट्या मजकूर स्वतःच सांकेतिक रूपात लिहितात. अशी डिस्क थेट जोडल्यास कोरी भासते व पुन्हा त्याच पेटीत घातल्यास वाचता येते. बिटलॉकरने कुलूपबंद केलेली डिस्क ४८ अंकी पुनर्प्राप्ती-कळ मागते. आणि कधी विभागांचा तक्ता तेवढा बिघडलेला असतो, मजकूर मात्र जागच्या जागी असतो.

या कोणत्याही स्थितीत फॉरमॅटला संमती दिल्यास काय होते, हे नीट समजून घ्यावे. 'क्विक फॉरमॅट'ने जुनी अनुक्रमणिका टाकून नवी कोरी अनुक्रमणिका मांडली जाते. फिरत्या डिस्कवर मूळ मजकूर काही काळ शिल्लक राहतो व त्यावर नवे काही लिहिले नसल्यास तज्ज्ञ तो बहुतांशी परत मिळवू शकतो. एसएसडीवर मात्र मोकळी झालेली जागा डिस्क स्वतःच साफ करून टाकू शकते, आणि मग काही हाती लागत नाही. 'क्विक' हा पर्याय काढून पूर्ण फॉरमॅट केल्यास, विंडोज व्हिस्टापासूनच्या आवृत्त्यांत, संपूर्ण विभागावर शून्ये लिहिली जातात. त्यानंतर परतीचा मार्ग नाही. यास्तव मजकूर हवा असल्यास संदेश रद्द करावा, डिस्कवर काहीही लिहू नये आणि ती जाणकाराकडे द्यावी. मजकूर वाचता आला, तर पहिले काम म्हणजे तो सर्वच्या सर्व दुसरीकडे उतरवून घेणे. फाइली उघडून पाहण्याचे कुतूहल नंतर भागवावे.

थोडक्यात निदान

१. बायॉसमध्ये डिस्क नाही : वीज, वायर, खोबण व जंपर तपासावे, नंतर ती दुसऱ्या संगणकावर लावून पाहावी.

२. बायॉसमध्ये आहे, डिस्क मॅनेजमेंटमध्ये नाही : 'ॲक्शन' यादीतील 'रीस्कॅन डिस्क्स' निवडावे, नियंत्रकाची आज्ञावली तपासून घ्यावी.

३. डिस्क मॅनेजमेंटमध्ये आहे, कोरी आहे : इनिशियलाइज, विभाग, फॉरमॅट, अक्षर या क्रमाने जावे.

४. विभाग आहे, अक्षर नाही : 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स' यातून अक्षर द्यावे. याने मजकुरास धक्का लागत नाही.

५. मजकूर असलेली डिस्क फॉरमॅट मागते : नकार द्यावा व थांबावे.

दुसरी डिस्क म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे

दुसरी डिस्क दिसू लागली, तीवर सर्व नोंदींची नक्कल उतरविली, की आता दप्तर निर्धास्त झाले, असा समज सहज होतो. तो पुरता खरा नाही. एकाच पेटीतील दोन डिस्क एकाच वीजपुरवठ्यावर चालतात. पावसाळ्याच्या तोंडावर वीज कोसळून दाब वाढला, छतातून पाणी आले, वा संगणकात विषाणू शिरला, तर दोघींवरही एकदमच आघात होऊ शकतो. पहिली डिस्क जुनी होऊन बंद पडण्याचा धोका मात्र दुसरीमुळे निश्चित कमी होतो, आणि तेवढ्यापुरती ती उपयुक्त आहे.

म्हणून महत्त्वाच्या नोंदींच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक कार्यालयाबाहेर असावी, हा संगणकक्षेत्रातील सर्वमान्य संकेत लहान कार्यालयांनीही पाळण्यासारखा आहे. त्यासाठी एक बाह्य डिस्क पुरते. ती काम होताच काढून दुसऱ्या इमारतीतील कुलूपबंद कपाटात ठेवावी, आणि महिन्यातून एकदा तीवरील दोन-चार फाइली उघडून त्या खरोखरच वाचता येतात याची खातरजमा करावी.

याच्याच जोडीस डिस्क बसविल्याची तारीख, तिची क्षमता, अनुक्रमांक, दिलेले अक्षर व तीवर काय ठेवले आहे, याची नोंद जडवस्तुसंग्रह नोंदवहीत शाईने करावी. सचिव बदलतात, मुख्याध्यापकांची बदली होते, तंत्रज्ञ दुसरीकडे जातो. मागे राहिलेल्या माणसापुढे एक निनावी डिस्क व तीवर फॉरमॅटची विचारणा करणारा पडदा उभा राहतो. त्या क्षणी गावाचे दप्तर वाचविण्यास चार ओळींची ती नोंद पुरेशी होते.